‘जीबी सांग, पुरे’ म्हणणाऱ्या काकांना

“गावाकडच्या गिऱ्हाईकाला एवढं कशाला सांगत बसायलास रे? किती जीबीचं कार्ड हाय ते सांग, नवीन मॉडेल हाय म्हण, वॉरंटी सांग. विषय संपला.”

नांदेडला मी ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं माल उचलतो, त्या काकांचं हे वाक्य. दिवाळीआधीच्या गर्दीत, काउंटरवर चार माणसं उभी असताना त्यांनी ते मला ऐकवलं आणि चौघांनीही माना डोलावल्या. काका वयाने मोठे, धंद्यात माझ्यापेक्षा वीस वर्षांनी जुने, अडीनडीला उधारी देणारे. म्हणून तिथे मी गप्प बसलो. पण हिमायतनगरला माझ्या संगणकाच्या दुकानाकडे परत येताना गाडीने मुदखेड सोडलं, भोकर सोडलं, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. हे एकट्या काकांचं मत असतं तर मी विसरलोही असतो. संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार तालुक्याच्या गिऱ्हाईकाकडे याच नजरेने पाहतो, ग्राफिक्स कार्ड याच पद्धतीने विकतो, आणि त्यात आमच्या लोकांचे कष्टाचे पैसे जातात. म्हणून हे उत्तर मी उघडपणे देतो आहे.

काकांच्या त्या एका वाक्यात चार दावे आहेत. जीबी कळले की कार्ड कळलं, हा पहिला. एका नावाची कार्डं सारखीच असतात, हा दुसरा. नवीन आलेलं जुन्यापेक्षा सरसच, हा तिसरा. चौथा त्यांनी तोंडाने म्हटला नाही, पण बाकीचे तिन्ही त्याच्याच जोरावर उभे आहेत: आपल्या माणसाला यापलीकडचं कळत नाही आणि लागतही नाही. त्या चौथ्यापासूनच सुरुवात करतो.

आमच्या तालुक्यातला शेतकरी पाणबुडी मोटर घ्यायला जातो तेव्हा काय काय विचारतो, ते दुकानात उभं राहून एकदा ऐकावं. बोअर किती फूट आहे ते तो आधी सांगतो, पाणी किती फुटावर लागतं ते सांगतो. मग विचारतो, किती स्टेजची? डिलिव्हरी किती इंची? सिंगल फेजवर चालते का? व्होल्टेज पडल्यावर उचलते का? दुकानदाराने ‘पाच एचपीची आहे, घेऊन जा’ एवढंच उत्तर दिलं, तर तो पायरी उतरून शेजारच्या दुकानात जातो. पाच एचपीच्या दोन मोटरी सारख्या नसतात हे त्याला पक्कं ठाऊक आहे. जास्त स्टेजची मोटर खोलातून पाणी वर आणते, पण धार बारीक पडते. कमी स्टेजची मोटर उथळ विहिरीवर भरभरून पाणी फेकते आणि खोल बोअरमध्ये दम सोडते. एचपीचा आकडा दोन्हींवर एकच छापलेला असतो. हे ज्ञान त्याला कुठल्या कॉलेजात मिळालेलं नाही. हळदीचं एक पाणी चुकलं की काय होतं, ते सोसून मिळालेलं आहे.

याच शेतकऱ्याचा पोरगा लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात उतरतो, बापाच्या सोयाबीनच्या पट्टीतून पैसे घेऊन संगणक बांधायला येतो, आणि आपण ठरवून टाकतो की याला जीबीपलीकडे काही समजायचं नाही. बापाला स्टेज, फूट, इंच, फेज समजतं. पोराला बिट आणि वॅट समजणार नाही, असं कोणत्या आधारावर म्हणायचं? त्याला कुणी सांगितलंच नाही, एवढीच गोष्ट आहे. आणि न सांगणारे आपण आहोत, काका.

आता जीबीचं पाहू. ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. व्हिडिओच्या चौकटी, खेळातली दृश्यं, जे काही कार्डाला काम करताना हाताशी लागतं ते तिथे ठेवलेलं असतं. ती मेमरी केवढी मोठी हे जीबीत सांगतात. हा झाला हौद. हौदातून कार्डाच्या चिपपर्यंत सेकंदाला किती माल पोचतो, त्याला बँडविड्थ म्हणतात. हा झाला पाईप. पाईपाची रुंदी बिटमध्ये मोजतात: ६४, ९६, १२८, १९२. आणि त्यातून पाणी किती जोरात जाईल हे मेमरीच्या जातीवर ठरतं. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ ही साध्या संगणकात बसणारी जात. जीडीडीआर ५ आणि जीडीडीआर ६ ही खास कार्डासाठी केलेली, कितीतरी वेगवान. हिशोब पाटीवर मांडता येईल इतका सोपा आहे: बिटला आठाने भागायचं आणि मेमरीच्या वेगाने गुणायचं, की सेकंदाला किती गिगाबाइट ते निघतं.

हा हिशोब मी शिकलो तो एका गिऱ्हाईकाचं नुकसान करून. २०१९ सालची लगीनसराई होती. तालुक्यातल्याच एका खेड्यातला पोरगा, लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करणारा, माझ्याकडे आला. एक्स्पोर्टला रात्र जाते, कार्ड टाकून द्या म्हणाला. मी नांदेडला फोन केला आणि ‘दोन जीबीची जीटी १०३० पाठवा’ एवढंच सांगितलं. जीबी सांगितले, नाव सांगितलं, विषय संपला. अगदी काका म्हणतात तसंच. कार्ड आलं, बसवलं, पोरगा खूश होऊन गेला.

आठ दिवसांनी तो मोटारसायकलच्या टाकीवर कॅबिनेट टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. डोळे लाल. तीन लग्नांचं काम अंगावर, नवरीकडच्यांचे फोनवर फोन, आणि एक्स्पोर्ट पूर्वीइतकाच वेळ खातोय. मी कॅबिनेट टेबलावर घेतलं, चालू केलं आणि जीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर उघडलं. त्याच्या एका खिडकीत कार्डाची सगळी कुंडली येते. मेमरी टाइप: डीडीआर ४. बस विड्थ: ६४ बिट. बँडविड्थ: १६.८ गिगाबाइट प्रति सेकंद. शेजारी माझ्या स्वतःच्या कामाच्या संगणकात तेच कार्ड होतं. तेच नाव, तेवढेच ३८४ कोअर (चिपमधले गणित करणारे घटक), तेवढेच दोन जीबी. पण माझ्या कार्डात जीडीडीआर ५ होती आणि तिथे आकडा ४८ होता.

मी त्याच्यासमोरच कागदावर मांडून पाहिलं. ६४ भागिले ८ म्हणजे ८. माझ्या कार्डाच्या मेमरीचा वेग ६, म्हणून आठ सक अठ्ठेचाळीस. त्याच्या कार्डाचा वेग २.१, म्हणून १६.८. जवळजवळ तिपटीचा फरक, आणि दोन्ही खोक्यांवर ठळक अक्षरात एकच नाव. जीडीडीआर ५ची आवृत्ती २०१७ साली आली आणि डीडीआर ४ची २०१८ साली मागाहून, त्याच नावाने. अनेक खेळांच्या चाचण्यांत ही दुसरी आवृत्ती पहिलीच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळली. खोक्यावर डीडीआर ४ लिहिलेलं होतं. लहान अक्षरात, पण होतं. मी वाचलं नव्हतं.

पुढचं कळलं ते याहून जिव्हारी लागलं. जीटी १०३०च्या चिपमध्ये, मेमरी कोणतीही असो, व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. एडिटिंग झाल्यावर फिल्म एच २६४मध्ये बाहेर काढताना जो भाग प्रोसेसरचं ओझं उचलतो, तोच त्या चिपमध्ये घातलेला नाही. म्हणजे मी त्याला वेगवान आवृत्ती दिली असती तरी त्याचं एक्स्पोर्टचं दुखणं गेलं नसतं. त्याला एन्कोडर हवा होता आणि मी त्याला जीबी विकले होते. ते कार्ड मी परत घेतलं आणि त्याच उन्हाळ्यात नुकतंच आलेलं जीटीएक्स १६५० त्याला खरेदीच्या भावात दिलं: ८९६ कोअर, एन्कोडर असलेलं, ७५ वॅटचं, संगणकाला वीज देणाऱ्या त्याच्या साध्या एसएमपीएसवर वेगळ्या वायरीशिवाय चालणारं. त्याची आठ दिवसांची जागरणं आणि गावात गेलेली पत मात्र मला भरून देता आली नाही. त्या दिवसापासून मी गिऱ्हाईकाला ‘एवढं’ सांगत बसतो.

काका म्हणतील, एखादं कार्ड तसं निघालं म्हणून सगळा बाजार वाईट होत नाही. मग दुसऱ्या दाव्याकडे या, एका नावाची कार्डं सारखीच असतात याकडे. त्याच जीटीएक्स १६५०ची २०२० साली जीडीडीआर ६ मेमरीची आवृत्ती आली. नाव तेच, चार जीबी तेच, बँडविड्थ १२८ची १९२ झाली. इथे मागाहून आलेलं सरस निघालं, तिथे १०३०मध्ये निकस निघालं होतं. नावावरून दोन्हीकडे काहीच कळलं नसतं. एएमडीच्या आरएक्स ५८०मध्ये २३०४ कोअर असतात. त्याच नावापुढे ‘२०४८एसपी’ एवढी बारीक शेपटी लावून २०१८मध्ये चीनच्या बाजारासाठी एक कार्ड निघालं, ते मुळात खालच्या आरएक्स ५७०च्या तोडीचं. शेपटी गाळून ते विकलं की गिऱ्हाईकाला काय समजणार? आणि जुन्या चिपची बायोस बदलून नव्या कार्डाचं नाव चिकटवलेली तद्दन खोटी कार्डं इतकी फिरू लागली, की जीपीयू-झेडच्या कर्त्यांना २०१८मध्ये ती ओळखून नावापुढे ‘फेक’ असा शिक्का दाखवायची सोय करावी लागली.

यात सगळ्यात बोलकी गोष्ट २०२२ सालची आहे. एनव्हिडियाने सप्टेंबरमध्ये आरटीएक्स ४०८० नावाची दोन कार्डं एकदम जाहीर केली, १६ जीबीचं आणि १२ जीबीचं. ऐकणाऱ्याला वाटावं की फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात पहिल्यात ९७२८ कोअर होते आणि दुसऱ्यात ७६८०. म्हणजे चिपच वेगळी. जगभरच्या जाणकारांनी आणि गिऱ्हाईकांनी दोन्हींची कोष्टकं शेजारी शेजारी मांडून दाखवली, ओरड झाली, आणि १४ ऑक्टोबरला कंपनीने १२ जीबीचं ४०८० विक्रीला यायच्या आधीच मागे घेतलं. एका नावाची दोन वेगळी कार्डं गोंधळ करतात, हे कंपनीनेच लिहून दिलं. जगातली सगळ्यात मोठी ग्राफिक्स चिप कंपनी जी चूक मान्य करते, ती आपण दुकानदार मान्य करायला तयार नाही. आणि त्यानंतरही बाजार सुधारला असं समजू नका. त्याच सुमारास आरटीएक्स ३०६०ची ८ जीबीची आवृत्ती आली. कोअर १२ जीबीवाल्याइतकेच, ३५८४. बस मात्र १९२ बिटवरून १२८वर आणि बँडविड्थ ३६०वरून २४०वर. हौद एक तृतीयांशाने लहान झाला हे नावापुढच्या आकड्यात दिसतं. पाईपही तेवढाच अरुंद झाला, हे कुठेच ठळक दिसत नाही.

छापील आकडा स्वतःच अपुरा असेल तर काय, हेही घडून गेलेलं आहे. २०१४च्या जीटीएक्स ९७०वर चार जीबी लिहिलेले होते आणि चार जीबी त्यात खरोखर होते. पण शेवटचा अर्धा जीबी बाकीच्या साडेतीनपेक्षा फार हळू चालायचा. हे २०१५च्या सुरुवातीला उघड झालं, अमेरिकेत दावा उभा राहिला आणि २०१६मध्ये कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. तिथल्या गिऱ्हाईकाने अर्ध्या जीबीचा हिशोब मागितला. इथे आपण तिपटीच्या फरकाचा हिशोब द्यायला कंटाळतो.

तिसरा दावा, नवीन म्हणजे सरस. इथे काकांची बाजू मजबूत आहे, म्हणून त्यांचं सगळ्यात पक्कं उदाहरण घेऊनच बोलतो. २०२१चं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, आणि २०२३चं आरटीएक्स ४०६०, ८ जीबीचं. कोष्टक वाचायला शिकलेला पण पुरतं न शिकलेला माणूस इथे उलट्या बाजूने फसतो. तो म्हणतो, जुन्यात ३५८४ कोअर, नव्यात ३०७२. जुन्याची बस १९२ बिट, नव्याची १२८. जुन्याची बँडविड्थ ३६०, नव्याची २७२. म्हणजे नवं सगळीकडे कमी, लूट आहे. काका यावर हसतील आणि त्यांचं हसणं बरोबर असेल. कारण नव्याचे कोअर कितीतरी जोरात पळतात. जुन्याची बूस्ट क्लॉक १.७८ गिगाहर्ट्झ, नव्याची २.४६. शिवाय चिपच्या पोटातच २४ एमबीची कॅश आहे, जुन्यात ती ३ एमबी होती. म्हणजे हौदाकडे हेलपाटे मारायची गरजच कमी पडते. साध्या फुल एचडी पडद्यावर खेळांमध्ये नवं कार्ड जुन्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने पुढे राहतं, आणि ते १७० वॅटऐवजी ११५ वॅटमध्ये.

हे ११५ वॅट आमच्याकडे किती मोलाचे आहेत, ते पुण्यात बसून कळणार नाही. उन्हाळ्यात इथे दुपारी लाईट जाते आणि आली तरी व्होल्टेज वरखाली होत असतं. बहुतेकांकडे ६०० व्हीएचा यूपीएस असतो, म्हणजे साधारण ३६० वॅटचा. त्यावर संगणक, मॉनिटर आणि १७० वॅटचं कार्ड पूर्ण जोरात असताना लाईट गेली, तर यूपीएस शिट्टी मारायलाही थांबत नाही. अर्धी झालेली फिल्म जाते. पंचावन्न वॅटची बचत तिथे काम वाचवते. हे मी काकांच्या आधी मान्य करतो.

पण काकांच्या ‘सरसच’मधल्या ‘च’ला माझा विरोध आहे. ४०६०ला मदरबोर्डाशी बोलायला आठच लेन दिलेल्या आहेत, ३०६०ला सोळा. नव्या बोर्डावर याने फारसं बिघडत नाही. आमच्याकडे बोर्ड नवे कुठे असतात? दहाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर आणि रायझन ५ ५६००जी मी अजून दर महिन्याला दुरुस्तीला उघडतो, आणि ही सगळी यंत्रं तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसची. तिथे आठ लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ गिगाबाइट, सोळा लेन म्हणजे १६. जोवर काम कार्डाच्या आठ जीबीत मावतं तोवर हे जाणवतही नाही. मावलं नाही की उरलेला माल संगणकाच्या साध्या मेमरीत जातो आणि याच अरुंद रस्त्याने ये-जा करतो. मग पडदा झटके खाऊ लागतो. १२ जीबीवाल्या जुन्या कार्डावर ती वेळच उशिरा येते.

आणि काही कामांत मावणं हाच सगळा प्रश्न असतो. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेत शिकणारी आमच्या भागातली पोरं सुट्टीत येतात, तेव्हा त्यांना घरच्या संगणकावर भाषेची एआय मॉडेल चालवून पाहायची असतात. सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल आठ बिटमध्ये घेतलं तर नुसत्या मॉडेललाच सात जीबी लागतात, वर कामाची जागा वेगळी. ८ जीबीच्या कार्डात ते कोंडतं, १२ जीबीत आरामात बसतं. या पोराला ‘नवीन घे’ म्हणून ४०६० दिलं तर त्याची फसगत झाली. खेळणाऱ्याला ‘जास्त जीबी घे’ म्हणून ३०६० दिलं तर त्याचीही झाली. दोन कार्डांची तुलना कुणाच्या कामासाठी, कुठल्या यंत्रात, हे विचारल्यावरच सुरू होते.

कंपनीच्या जाहिरातीतला ४०६०चा मोठा आकडा फ्रेम जनरेशन धरून दिलेला असतो. म्हणजे दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये कार्ड स्वतः एक चौकट बनवून घालतं, तीही ज्या खेळात ती सोय आहे तिथेच. लग्नाची फिल्म एक्स्पोर्ट करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून छापील आकडा आणि मोजलेली कामगिरी असे दोन रकाने वेगळे हवेत. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी एआय नोव्हेंबर २०२०मध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३वा आला. तोही एनव्हिडियाच्याच ए १०० कार्डांवर उभा आहे. त्या यादीत त्याच्या नावापुढे दोन आकडे आहेत: कागदावरची क्षमता ५.२७ पेटाफ्लॉप आणि प्रत्यक्ष चालवून मोजलेली ४.६२. ज्यांचं यंत्र कोट्यवधींचं आहे त्यांनाही दोन्ही आकडे दाखवावे लागतात. आमचं यंत्र पन्नास हजारांचं, पण ते घेणाऱ्याच्या वर्षाच्या कमाईत त्या पन्नास हजारांचा वाटा कितीतरी मोठा असतो.

शूटिंगवाल्यांचं अजून एक दुखणं सांगतो, कारण यात ‘जीबी सांग’ आणि ‘नवीन सांग’ दोन्ही एकदम उघडे पडतात. हल्ली चांगले कॅमेरे दहा बिट ४:२:२ अशा स्वरूपात शूट करतात. रंग सुरेख येतात, पण एडिटिंगला टाइमलाइन अडखळते. पोरगा येतो आणि विचारतो, ३०६० टाकू का ४०६०? खरं उत्तर असं आहे की हा ४:२:२चा एच २६५ व्हिडिओ उलगडायची सोय या दोन्ही कार्डांत नाही. एनव्हिडियाने ती २०२५च्या ५० मालिकेत दिली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये मात्र ती अंगच्याच ग्राफिक्समध्ये आहे. पण दीड-दोन हजार वाचवायला आपण त्याला ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर दिलेला असतो, ज्यात ते अंगचं ग्राफिक्सच बंद असतं. म्हणजे महागाचं कार्ड घेऊनही त्याचं काम अडखळणार, आणि साधा बिनाएफचा प्रोसेसर दिला असता तर कार्डावर एवढा खर्च करावाच लागला नसता. हे सांगायला मला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवून काका त्याला हजारोंचं कार्ड देतील.

मोठा आकडा नेहमीच कामाला येतो असंही नाही. आरटीएक्स ३०५० दोन तऱ्हेचं मिळतं. ८ जीबीचं, २५६० कोअरचं, १३० वॅटचं आणि ६ जीबीचं, २३०४ कोअरचं, ७० वॅटचं. दुसरं पहिल्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने मागे आहे. पण आमच्याकडे कितीतरी लोक कंपन्यांतून निघालेले जुने ब्रँडेड संगणक घेतात, ज्यांच्या एसएमपीएसला कार्डासाठी वेगळी वायरच नसते. तिथे १३० वॅटचं कार्ड चालूच होणार नाही. मागे असलेलंच त्याच्या कामाचं. हे नावावरून कळत नाही, जीबीवरून कळत नाही. वॅटची ओळ वाचावी लागते.

काकांचा शेवटचा युक्तिवाद मला माहीत आहे, कारण तो मीही कधीकाळी केलेला आहे. एवढं सांगितलं की गिऱ्हाईक गोंधळतं आणि न घेता जातं. माझा अनुभव सांगतो. काही जातात. आमच्या गावच्या परमेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत दुकानात गर्दी असते, तेव्हा तर नक्की जातात. पण जे जातात त्यातले बरेच नांदेडला विचारून, चार ठिकाणी हिंडून परत येतात, आणि येताना माझाच कागद हातात असतो. काउंटरवर मी प्रत्येक कार्डामागे एक कागद ठेवला आहे. त्यावर किंमत आहे, आणि खाली पाच ओळी: मेमरीची जात आणि आकार, बस किती बिट, बँडविड्थ, किती वॅट आणि वेगळी वायर लागते का, एन्कोडर आहे का नाही. गिऱ्हाईक वाचतं, बोट ठेवून विचारतं. एका बाईंनी मुलासाठी कार्ड घेताना दोन कागद शेजारी धरले आणि विचारलं, “भाऊ, ह्याचे जीबी जास्त अन् बिट कमी कसे काय?” त्या प्रश्नाला मला नीट उत्तर द्यावं लागलं. देता आलं, याचं समाधान मोठं होतं.

शिवाय हा फक्त भलेपणाचा मामला नाही. मालाचा दर्जा, प्रमाण आणि मानक यांची माहिती मिळणं हा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि माल नाही त्या प्रतीचा असल्याचं भासवणं ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. डीडीआर ४चं कार्ड ‘तेच आहे’ म्हणून देणारा दुकानदार त्या ओळीच्या किती जवळ उभा आहे, हे ज्याचं त्याने पाहावं. जिल्हा ग्राहक आयोग नांदेडलाच आहे. आमचा माणूस अजून तिथे जात नाही, कारण त्याला बिलावरून काही सिद्धच करता येत नाही. बिलावर लिहिलेलं असतं, ‘ग्राफिक्स कार्ड २ जीबी, नग १’.

म्हणून काका, तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. पुढच्या वेळी मी फोन करीन तेव्हा मला जीबी सांगू नका, पूर्ण नाव सांगा. आणि मालाबरोबर येणाऱ्या बिलावर ते तसंच्या तसं लिहून द्या: कंपनी, मॉडेल, मेमरीची जात, बिट, वॅट, सिरियल नंबर. तुमच्या मुनिमाला दोन ओळी जास्त टाइप कराव्या लागतील. मी माझ्या बिलावर या महिन्यापासून सुरुवात केली आहे. पहिलं बिल असं गेलं: ‘आरटीएक्स ३०५०, ६ जीबी जीडीडीआर ६, ९६ बिट, ७० वॅट, वेगळी वायर लागत नाही, नग १.’ पोराने ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि मग पैसे मोजले.